फुटबॉलवाले पडद्यावर: केरळला विजयन मिळाला, मग गोव्याला का नाही?

डावा_विंगर (फोंडा)

आय. एम. विजयनला २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स क्लबच्या जर्सीतले त्याचे फोटो फिरायला लागले. मी ते पुतण्याला दाखवले, तर तो म्हणतो, "काका, हा तर 'बिगिल'मधला गुंड!" त्याच्या गोलांबद्दल पोराला काडीची माहिती नाही. पडद्यावरचा चेहरा मात्र पाठ.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते इथे मांडतो.

विजयन म्हणजे त्रिशूरच्या म्युनिसिपल स्टेडियमवर सोडा विकणारा पोरगा. केरळ पोलीसच्या संघात लागला, मग मोहन बागान, जेसीटी, एफसी कोचीन असं करत उतरत्या काळात आपल्याकडे चर्चिलला आला. पण बूट खुंटीला टांगून मग सिनेमाकडे वळला असं झालं नाही. खेळत असतानाच जयराज या दिग्दर्शकाने त्याला 'शांतम'मध्ये मुख्य भूमिका दिली आणि त्या सिनेमाला २००० सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे तमिळमध्ये 'तिमिरु', 'कोंबन', 'बिगिल'. प्रेक्षकांकडे बघून हात हलवून गेलेला पाहुणा नव्हे, माणसाने रीतसर धंदा केला.

आता आपल्याकडे या. खेळाडू कमी पडले म्हणावं, तर ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, मंदार राव देसाई, नुसती नावं घेतली तरी संघ उभा राहतो. एकट्या डेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय जेतेपद आणलं. रंगभूमी कमी पडली म्हणावं, तर सासष्टीत तियात्र म्हणजे कोंकणी संगीत नाटक, अंत्रुजात आणि डिचोलीत उत्सवी नाटक, पेडण्यात दशावतार. २००४ पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही पणजीत. वर्षभर कुठे ना कुठे शूटिंगच्या व्हॅन उभ्या असतात. इतकं असून यातल्या कुणाला अभिनय हाच पुढचा पेशा करता आला नाही.

लोक म्हणतात गोंयकार सुशेगाद, कोण जाणार मुंबईला धक्के खायला. मला हे पटत नाही. पहाटे दव असताना शेतात धावणारी पोरं सुशेगाद नसतात.

माझं म्हणणं असं, की मैदानावर तो ज्या भाषेत शिव्या घालतो त्या भाषेत सिनेमाचा धंदा असेल तरच फुटबॉलवाल्याचा नट होतो. फ्रान्सचा एरिक कांतोना १९९७ मध्ये तिशीतच मँचेस्टर युनायटेड सोडून अभिनयात गेला, पण घरात फ्रेंच सिनेमा आयता होता. इंग्रजीत त्याला पहिलं नाव मिळालं ते 'एलिझाबेथ'मध्ये, आणि तिथेही भूमिका कोणती, तर फ्रेंच राजदूत. १९९८ च्या वर्ल्ड कप फायनलला फ्रान्सचा बचावपटू ब्लाँ निलंबित होता म्हणून ज्याला जागा मिळाली तो फ्रँक लबफ अमेरिकेत जाऊन अभिनय शिकला, आणि पुढे स्टीफन हॉकिंगवरच्या सिनेमात झाला स्विस डॉक्टर! विनी जोन्स तर विम्बल्डनचा आडदांड गडी. 'लॉक, स्टॉक'मध्ये तो तसाच, त्याच्याच बोलीत उभा केला आणि गाडी चालली. हॉलिवूडला नेलं तेव्हा 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'मध्ये त्याचं पात्र जवळजवळ सिनेमाभर तोंडच उघडत नाही.

भायचुंग भुतियाचं बघा. २००९ मध्ये 'झलक दिखला जा' जिंकला. पण तो नाच होता, तिथे संवाद लागत नाहीत. आणि त्यापायी मोहन बागानशी वाजलं ते वेगळंच, पुढे तो ईस्ट बंगालला गेला.

विजयनला मल्याळम होतं, शेजारी तमिळ होतं. आमच्या पोराला काय? कोंकणी सिनेमा वर्षाला हाताच्या बोटांवर मोजावा इतका, आणि मराठी सिनेमावाले गोव्यात येतात ते समुद्र दाखवायला. तुम्हाला काय वाटतं?

---

तारलेवाला (वास्को)

धागा छान. कांतोनाचं नाव निघालं म्हणून सांगतो, बघ्याला लाथ घातल्याच्या प्रकरणानंतर १९९५ मध्ये पत्रकारांसमोर बसून तो म्हणाला होता, की ट्रॉलरमागे सीगल उडतात कारण समुद्रात तारले फेकतील असं त्यांना वाटतं. एवढं बोलून उठून गेला. साऱ्या जगाने डोकं खाजवलं. खारीवाड्याच्या जेटीवरच्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर अर्थ सांगितला असता.

बाकी त्या लाथेपायी झालेल्या खेळबंदीच्या काळात त्याने पहिला फ्रेंच सिनेमा केला. म्हणजे रिकामा वेळ सत्कारणी.

---

पेठेतला_पाहुणा (वेर्णा, मूळ कोल्हापूर)

डावा_विंगर भावा, लिहिलंय झकास, पण तुझा सिद्धांत आमच्या गावात येऊन आपटतोय बघ. मराठी सिनेमाचं माहेर कोल्हापूर. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ तिथला. आणि फुटबॉलचं वेड म्हणशील तर शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पेठेत दुकानं लवकर बंद होतात. भाषा एक, गाव एक, स्टुडिओ आणि ग्राउंड चालत जायच्या अंतरावर. मग आमच्याकडे कुठं झाला फुटबॉलवाल्याचा हिरो?

पैलवान पडद्यावर आले, कारण पैलवान म्हटलं की लंगोट, माती, मिशी. दारासिंग शर्ट काढून उभा राहिला की अर्धं काम झालं, म्हणून तर हनुमान त्याच्याकडे आला. फुटबॉलवाला कपडे बदलून रस्त्यावर आला की चारचौघांसारखा. कॅमेऱ्याला त्याच्यात दिसणार काय?

---

माशेलची_माई

कॅमेऱ्याचं मला कळत नाही, रंगमंचाचं थोडं कळतं. आमच्या देवळाच्या उत्सवात दरवर्षी नाटक बसतं. मुलगा आमचा, सून आमची, सगळे घरचेच. स्त्रीपार्टी पूर्वी बाहेरून आणायचो, आता गावच्याच मुली करतात.

गेल्या खेपेला गावच्या संघाचा गोली खलनायक केला होता. उंचापुरा, आवाज मात्र बेताचा. तालमीला पहिले काही दिवस त्याने आम्हाला रडवलं. एक तर तो पाय रोवून उभाच राहत नसे, सारखा चवड्यांवर. दुसरं म्हणजे प्रेक्षकांकडे पाठ करी. मास्तर ओरडत, "अरे लोक इकडे आहेत!" तो म्हणे, "माई, खेळताना लोकांकडे बघायची सवयच नाही, बघितलं तर गोल खातो."

पण एक गोष्ट त्याच्याकडे होती ती आमच्या मुरलेल्या नटांकडे नाही. समोरचा बोलत असेल तेव्हा हा त्याच्यावरून नजर हलवत नसे. आमचे बाकीचे काय करतात, आपलं वाक्य संपलं की विंगेत बघतात, नाहीतर पहिल्या रांगेत कोण आलंय ते बघतात. हा ऐकायचा. त्यामुळे समोरच्याचं वाक्यही वजनदार वाटायचं. प्रयोगाला प्रॉम्प्टरचा कागद पंख्याने उडाला आणि सगळे गडबडले, तेव्हा सगळ्यात शांत हाच. नायकाचं पुढचं वाक्य यानेच दबक्या आवाजात त्याला पुरवलं.

तेव्हा फुटबॉलवाल्यात नट नाही असं म्हणू नका हो पाहुणे. पडद्यावर लंगोट-मिशीच लागते असं थोडंच आहे?

---

पेठेतला_पाहुणा

माई, पटलं. पण तो गोली पुढे कुठे गेला?

---

माशेलची_माई

कंपनीत आहे, शिफ्टला. पुढे कुठे जाणार? नाटक वर्षातून एकदा, फुटबॉल पावसाळा सोडून.

---

कॉलशीट (पणजी)

मी बाहेरून येणाऱ्या युनिटांसाठी स्थानिक जुळवाजुळव करतो. जागा, परवानग्या, माणसं, जेवण. फुटबॉलच्या जाहिराती आणि वेबसीरिजसाठी स्थानिक खेळाडू मीच पुरवले आहेत. तेव्हा जरा पडद्यामागचं सांगतो.

खेळाडूला कॅमेऱ्यासमोर फुटबॉल खेळायला लावणं हे अभिनयापेक्षा कठीण काम. दिग्दर्शकाला एकच चाल पुन्हा पुन्हा तशीच हवी असते. खेळाडूची अख्खी तालीम उलटी, की समोरच्याने एकदा पाहिलेली चाल दुसऱ्यांदा करायची नाही. मागे सासष्टीतल्या एका मैदानावर काम होतं. टँकरने गवत ओलं केलेलं, बुटांवरच्या कंपनीच्या नावाला काळी चिकटपट्टी. हिरोने पेनल्टी मारायची आणि आपल्या प्रथम विभागातल्या गोलीने चुकीच्या बाजूला झेपायचं. हिरोचा फटका म्हणजे मांजराने ढकललेला बॉल. गोलीला सांगितलं डावीकडे झेप. त्याने डावीकडे अंग टाकलं खरं, पण उजवा पाय मागे राहिला आणि पायाने बॉल अडवला. परत. परत अडवला. दिग्दर्शक वैतागला. गोली बिचारा हात जोडून म्हणतो, "सर, मुद्दाम नाही करत, पाय ऐकत नाही." शेवटी बॉल काढून टाकला. हिरोने नुसतीच हवेत लाथ मारली, गोली झेपला, आणि बॉल जाळीत जाताना वेगळा घेतला. तोही मारलेला नव्हे, कॅमेऱ्यामागून हाताने फेकलेला.

त्या सगळ्या पोरांना दिवसाचे पैसे मिळाले ते बॉडी डबल म्हणून. तोंड कुणाचं दिसलं नाही. एका कामाचे पैसे तर वरच्या एजन्सीकडून यायला इतका उशीर झाला की मी खिशातून दिले.

आता डावा_विंगरच्या मुद्द्याकडे. भाषा हा अडसर आहेच, पण त्याआधी एक पायरी आहे. कास्टिंग मुंबईत होतं. गोव्यात येईपर्यंत बोलणारी पात्रं ठरलेली असतात. इथे उरतात बारटेंडर, मच्छीमार आणि पाद्री. 'झुंड'साठी नागराज मंजुळेंनी नागपूरच्या वस्त्यांत पोरं शोधली, त्यांच्याच बोलीत बोलू दिली आणि समोर अमिताभ बच्चन उभे केले. तसा शोध घेणारा कुणी इथे आलेला मी तरी पाहिला नाही.

---

गोलपोस्ट_मागे

सगळ्यात गाजलेलं फुटबॉलपटूंचं पिक्चर म्हणजे 'एस्केप टू व्हिक्टरी', १९८१. पेले, बॉबी मूर, आर्दिलेस, आणि गोलमध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोन. शूटिंग बुडापेस्टला. पेलेच्या पात्राचं नाव माहितीये का? लुइस फर्नांडिस! त्रिनिदादचा दाखवलाय. मडगावचा दाखवला असता तरी चाललं असतं.

---

तारलेवाला (वास्को)

फर्नांडिस म्हटल्यावर बाणावली. मडगाव नव्हे.

---

टिळक_मैदान_काका (वास्को)

बाबांनो, तुम्ही सगळे नटाच्या मागे लागलात. पोटाचं बोला जरा.

आमच्या काळी चांगला खेळाडू म्हणजे नोकरी पक्की. खाणवाल्यांचे क्लब होते, डेंपो, साळगावकर. एमआरएफचा संघ होता. खेळून झालं की माणूस कंपनीत, बँकेत नाहीतर बंदरात चिकटायचा. महिन्याला पगार, वर भविष्य निर्वाह निधी. कोण कशाला नटाच्या नादी लागेल? तुमचा विजयन सिनेमात गेला तरी पोलिसातली नोकरी होतीच की पाठीशी.

ते दिवस गेले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. आता आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, मोजक्या पोरांना भरपूर पैसे, बाकीच्यांची वर्षावर्षाची करारपत्रं, आणि पस्तिशीला हातात गुडघ्याचा एमआरआय. पुढे काय, तर कोचिंगचं लायसन्स. प्रत्येक जण कोच झाला तर खेळणार कोण?

म्हणून मला सिनेमापेक्षा टीव्हीवरचं विश्लेषण हा खरा रोजगार वाटतो. इंग्लंडचा गॅरी लिनेकर १९८६ च्या वर्ल्ड कपात सर्वाधिक गोल मारणारा, अख्ख्या कारकिर्दीत कार्ड नाही. १९९९ पासून २०२५ पर्यंत बीबीसीवर 'मॅच ऑफ द डे' चालवला. बीबीसीच्या जाहीर आकड्यांत वर्षाला साडेतेरा लाख पौंड. एवढं तो खेळून कमावत नव्हता. आणि हे तोंडाच्या जोरावर नव्हे हां, आधी रेडिओवर शिकला.

---

डावा_विंगर

काका, तिथेही भाषाच आडवी येते ना! आयएसएल केरळात मल्याळममध्ये ऐकलंय, बंगालमध्ये बांगलात. म्हणजे तिथल्या जुन्या खेळाडूला टीव्हीवर बसायला स्वतःच्या भाषेची खुर्ची आहे. आपला बचावपटू आतल्या गोष्टी कितीही छान सांगत असेल, त्याला इंग्रजीत किंवा हिंदीत सांगाव्या लागतात. चहाच्या गाड्यावर ऑफसाइड ट्रॅप असा समजावतो की ऐकत राहावं, आणि माईक पुढे धरला की "बॉइज प्लेड वेल" एवढंच.

पाहुण्याला उत्तर: कोल्हापूरचा मुद्दा जोरदार आहे. पण फुटबॉलवर पडद्यावर काही घडावं असं वातावरण येईपर्यंत मराठी सिनेमाचा कारभार मुंबई-पुण्याला गेला होता. अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला तेव्हा जयप्रभात कुठे शूटिंग चालू होती? आणि शरीराचं म्हणशील, तर विजयनमध्ये पैलवानासारखं काय होतं? काळासावळा, सडपातळ. जयराजने त्याच्या चेहऱ्यात काहीतरी पाहिलं. बघणारा जवळ असावा लागतो, हे कॉलशीटने म्हटलंय तेच.

---

म्हापशाची_मिडफिल्डर

एवढे सगळे बोलले, एकाही बाईचं नाव नाही. अलेक्स स्कॉट, आर्सेनलची राइट बॅक. २००७ च्या युरोपियन फायनलमधला विजयी गोल तिचा. खेळत असतानाच पुढचा विचार करून स्टॅफर्डशर विद्यापीठातून क्रीडालेखन आणि प्रसारणाची पदवी घेतली, आणि २०२१ मध्ये बीबीसीच्या 'फुटबॉल फोकस'ची सूत्रसंचालक झाली. डावा_विंगर, "बॉइज प्लेड वेल"वर औषध आहे. शिकायचं. भाषा आडवी येते हे खरं, पण माईकसमोर बोलणं हे कौशल्य आहे आणि ते आपल्या क्लबांत कुणी शिकवत नाही. मी धुळेरच्या मैदानावर खेळले आहे. आम्हाला स्ट्रेचिंग शिकवलं, आहार शिकवला, मुलाखत कशी द्यायची हे कुणी सांगितलं नाही. मुलींना तर कुणी मुलाखतच विचारली नाही म्हणा.

---

टिळक_मैदान_काका (वास्को)

पोरी, शंभर टक्के. आमच्या वेळी तर पत्रकार आला की कॅप्टनला पुढे ढकलायचे आणि बाकीचे बसमध्ये पळायचे.

---

गोलपोस्ट_मागे

नेमार 'मनी हाइस्ट'मध्ये साधू झालाय आणि म्हणतो मला फुटबॉल आवडत नाही, पार्ट्याही आवडत नाहीत. याहून मोठा अभिनय कुणी करून दाखवावा.

---

पेठेतला_पाहुणा

😂 हे मात्र नाद खुळा.

पण विंगर, एक शेवटचं. तुझ्या हिशेबाने उत्तम मराठी बोलणारा आणि उत्तम खेळणारा पोरगा गोव्यात असेल, आणि मुंबईतून कुणी बघणारा आला, तर काम होईल. मग आवाजाचं काय? माईंचा गोली बेताच्या आवाजाचा. शंभर मीटरवरून "मॅन ऑन!" ओरडणाऱ्याचा आवाज बेताचा कसा?

---

माशेलची_माई

मैदानात ओरडायला वारा असतो हो. रंगमंचावर वाक्य हळू बोलून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं असतं. ते त्याला नाही जमलं पहिल्या वर्षी. शब्दाचा शेवट गिळायचा. मास्तरांनी त्याला देवळाच्या तळीपलीकडे उभं केलं आणि अलीकडून म्हणाले, कुजबुजल्यासारखा बोल पण मला ऐकू आलं पाहिजे. उत्सवापर्यंत बऱ्यापैकी आला. सिनेमात तर तेही नको, माईक छातीलाच असतो ना?

---

कॉलशीट (पणजी)

हो माई, माईक असतो, आणि चुकलं तर डबिंगही असतं. तिथे आवाजापेक्षा थांबता येणं महत्त्वाचं. तुमचा गोली ऐकतो म्हणालात ना, ते जास्त कामाचं.

खरंच विचारतोय: पुढे एक मराठी वेबसीरिजवाले येणार आहेत, गावच्या स्पर्धेचा प्रसंग आहे, गोलकीपरला चार-पाच वाक्यं आहेत आणि मुंबईहून नट आणण्याइतके पैसे त्यांच्याकडे नाहीत. तुमच्या गोलीला ऑडिशनला पाठवाल का? गोल मात्र खावा लागेल, आधीच सांगतो.

---

माशेलची_माई

विचारते. गोल खायचा म्हटल्यावर तो काय म्हणेल सांगवत नाही. आणि तारखा उत्सवाच्या आठवड्यातल्या नकोत, यंदा त्याला नायक केलाय.